बिघडलेलं मशीन

दांडिया बाजारातल्या त्या अ‍ॅम्प्लिफायरवाल्याला कुणी वॉट विचारले की तो चिडायचा. "खोली केवढी, ते बोला ने!" मग कॅसेट लावून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे टक लावून बसायचा. त्याच्या मशीनला नावं ठेवलेली मात्र त्याला खपत नसत.

घरच्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज बसलाय म्हणून बाबांना नवा विलायती हवा होता; आम्ही दोघं त्याच्या दुकानात गेलो. त्याने बाबांच्या आवडीचं गाणं लावलं. बाबा डोळे मिटून मांडीवर ताल धरू लागले. त्याने आवाज हळूहळू कमी केला, मग पार बंद केला. बाबांचा ताल चालूच राहिला. "सरस!" ते म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या कानाशी वाकून मोठ्याने म्हणाला, "काका, हे मशीन बिघडलंय. आज नका घेऊ."