मामाचं वाटप

“यमे, खाली ठेव! ठेव म्हणतो ना तो घोडा खाली!”

आमचे तीर्थरूप ओसरीवरून असे ओरडले की शेजारच्या घरात ताक घुसळणारी रवी जागच्या जागी थांबली. यमी म्हणजे माझी धाकटी बहीण, वय वर्षं सात. तिच्या काखेत तिच्याहून दांडगा, चाकांचा, तांबड्या खोगिराचा लाकडी घोडा होता. आणि माझ्या, म्हणजे नऊ वर्षांच्या कुलदीपकाच्या हातात काय होतं? ठकी! लाकडाची बाहुली, नाकात रंगवलेली नथ, डोळे चिंचोक्यांएवढे. आम्हा दोघांच्या मधोमध रिकाम्या गाठोड्यावर मांडी ठोकून आमचा मामा शांतपणे सुपारी कातरत बसला होता.

“दाजी,” तो म्हणाला, “वाटप झालं.”

“अहो शिलेदार, हे घर आहे. छावणी नव्हे.”

“म्हणूनच तर कुणाचं डोकं फुटलं नाही.”

आमच्या बुधवार पेठेतच काय, कृष्णेपासून नर्मदेपर्यंत या मामासारखा माणूस दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगतो. दसऱ्याला स्वतःच्या घोड्यावर बसून मोहिमेवर जायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परत यायचा. बायकोपोरं नव्हती, तेव्हा चार महिने मुक्काम आमच्याकडे. तो शिंकला की पर्वतीवरची कबुतरं उडून सिंहगडावर जाऊन बसत आणि त्याला दुसरी शिंक येणार नाही याची खात्री झाल्यावरच परतत. घरात पाऊल टाकलं की घराची छावणी व्हायची. जेवणाआधी तो मला जासूद म्हणून स्वयंपाकघरात धाडायचा आणि मी आणलेली बातमी ऐकून, “वांगी आहेत? मग कढीच्या बाजूनं हल्ला करू,” असा हुकूम सोडायचा. मंडईत तो भाजी विकत घेत नसे, भाजीवालीशी तह करी. एकदा म्हणे तहाच्या बोलण्यात सकाळची दुपार झाली, भाजीवाली रडकुंडीला आली आणि तिनं पडवळाची सबंध पाटी त्याच्या डोक्यावर ठेवून त्याला वाटेला लावलं. मामा ती पाटी घेऊन घरी आला तो, किल्ला सर केल्यासारखा. पुढं आठ दिवस आम्ही पडवळ खाल्लं.

पण त्याचा खरा थाट वाटपाचा. परत येताना तो वाटेतल्या बाजारांतून आम्हां पोरांसाठी खेळणी आणायचा आणि सांगताना मात्र ती लुटलेली असायची. “हा भोवरा एका नबाबाच्या उशीखालून काढला. नबाब उशीवरच होता!” आई हळूच म्हणायची, “जत्रेतून आणलाय रे.” सगळी खेळणी एकाच गाठोड्यात. गल्लीतली दहाबारा पोरं वयाप्रमाणं रांगेत उभी राहायची. एकेकानं पुढं यायचं, डोळे गच्च मिटायचे, गाठोड्यात हात घालायचा, आणि हाताला लागेल ते आपलं. अदलाबदल नाही, रडारड नाही. त्याच्या पथकात म्हणे असंच वाटत, सरदार असो की घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार. एकदा कुणाची तरी आई म्हणाली, “अहो, मुलांचं निराळं, मुलींचं निराळं नको का?” मामानं भोवरा हातावर घेऊन उलटासुलटा पाहिला. “याला विचारून बघा बरं, हात पोराचा की पोरीचा ते. मला तर कधी बोलला नाही.”

अशा रीतीनं एका वर्षी मला चूल-बोळकी मिळाली आणि मी चुरमुऱ्यांचा भात असा रांधला की मामानं तीनदा मागून घेतला. यमीला भोवरा मिळाला. तो ती तळहातावर घेऊन गल्लीभर फिरवायची. तेवढ्यावर कुणी फारसं बोललं नाही. पण घोडा म्हणजे घोडा. तीर्थरूप त्या दिवशी घसा बसेपर्यंत ओरडले, मामानं सुपारी कातरून संपवली, आणि घोडा यमीकडेच राहिला.

त्या पावसाळ्यात यमीनं परसदार जिंकलं, गोठा जिंकला, शेजारच्यांच्या कोंबड्यांकडून खंडणी म्हणून दोन पिसं वसूल केली. संध्याकाळी ती घोड्याला पाणी दाखवायची आणि त्याच्या लाकडी तोंडात गवताची काडी अडकवून ठेवायची. मामा तिच्या मोहिमांत सामील व्हायचा. “सेनापती, डावी बाजू उघडी पडली,” असं म्हणून स्वतः गवळणीच्या म्हशीमागं दडायचा. आणि मी? आता सत्तरी उलटली, लपवून काय करायचं? पहिले दोन दिवस मी ठकीला लाथ मारली. तिसऱ्या दिवशी तिला पांघरूण घातलं. पंधरवड्यात अशी वेळ आली की पंतोजींच्या छडीचं दुःख तिच्या कानात सांगितल्याशिवाय मला झोप येईना. ऐकण्यात तिचा हात धरणारं माणूस मला पुढं सबंध आयुष्यात भेटलं नाही, आणि माझी दोन लग्नं झाली.

घात केला तो माझ्याच शहाणपणानं. एक दिवस ठकीला धोतराच्या सोग्यात बांधून शाळेत नेलं. धुळपाटीवर अक्षर गिरवायला वाकलो आणि ती सोग्यातून थेट पंतोजींच्या पायाशी. मग काय विचारता! “ठकीबाई आल्या हो,” म्हणत पोरं मला घरापर्यंत पोचवायला आली. लाल तोंडानं मी ओसरीवर चढलो. तीर्थरूपांनी विचारलं, काय झालं. मी खरं सांगितलं असतं तर दोन थपडांत प्रकरण मिटलं असतं. मी म्हणालो, “वाटपाच्या वेळी यमीचे डोळे उघडे होते. मामानंच तिला बघू दिलं.”

तीर्थरूप हसले. दफ्तरातल्या या कारकुनाला शिलेदाराच्या वाटपात लबाडी सापडली, असं हसले. मामाला बोलावलं. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं वळून विचारलं, “तू बघितलंस?”

मी म्हणालो, “हो.”

यमी मधे पडली, “मामा, खोटं आहे हे, मी मिटले होते!” पण मामा उठून गोठ्याकडे निघून गेला. माझ्यावर हात उचलला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. तीर्थरूपांनी घोडा मला दिला, ठकी यमीला. यमीनं घोडा स्वतः ओढत माझ्यापाशी आणला. “संध्याकाळी पाणी दाखव त्याला,” एवढंच म्हणाली. मी एकदाही दाखवलं नाही. त्याच्यावर बसलोही नाही फारसा. दिवाळीआधी त्याचं एक चाक निखळलं, मग तो माळ्यावर गेला.

दसऱ्याला मामा निघाला तेव्हा त्यानं माझ्या डोक्यावर नेहमीसारखा हात ठेवला. खरं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी त्याच्या घोड्याच्या शेपटीकडं बघत राहिलो.

पुढल्या वर्षी तो आला. पोरं धावली, रांग लावली. या खेपेला मामानं ओसरीवर दोन गाठोडी ठेवली, एक पांढरं आणि एक तांबडं. नबाबाची गोष्ट नाही, काही नाही. शिंकसुद्धा नाही. यमी पुढं झाली, डोळे इतके गच्च मिटले की कपाळाला आठ्या पडल्या, आणि हात लांब करून म्हणाली, “मामा, घालू हात?”

“डोळे उघड, यमे,” मामा म्हणाला. “मुलींचं तांबड्यात आहे. तुला पोळपाट-लाटणं.”