ताईच्या कुबडीचा हेवा

आधी फाटकाची कडी वाजते, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग चिकूच्या वाळल्या पानांवरून तो आवाज येऊ लागतो: एक पाऊल, एक ओढलेलं पाऊल, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुबडीच्या रबरी बुचाचा दबका ठोका. कोसबाडच्या आमच्या वाडीत संध्याकाळी वारा पडला की तो ओट्यापर्यंत स्वच्छ ऐकू येतो. ताई तलासरीच्या ऑफिसातून परतते ती याच वेळी. आणि त्या ठोक्यासरशी आमच्या घरात किती गोष्टी आपोआप घडतात! कोणी पायरीवरच्या चपला बाजूला सारतं, कोणी खुर्ची पुढे ओढतं, वहिनी चहाचं आधण ठेवते. मीही तांब्या भरून आणते. तो तिच्या हाती देताना, खोटं कशाला बोलू, माझ्या काळजात दर वेळी एक बारीकशी कळ उठते. मला माझ्या सख्ख्या बहिणीच्या कुबडीचा हेवा वाटतो.

दचकलात ना? पोलिओने डावा पाय लुळा पडलेल्या बाईचा कोणी हेवा करतं का? मी करते. तिचं दुखणं फाटकापासूनच दिसतं, म्हणून करते. मनावर घेतलंस तर धावशील, असं तिला कोणी म्हणत नाही. मला मात्र, मनावर घेतलंस तर नीट वागशील, हे सगळेच सांगतात. माझ्या दुखण्याला ना पट्टा, ना काठी. कोणी हसता हसता गप्प झालं, कोणी फोन उचलला नाही, एवढंही मला पुरतं. आपल्याला टाकून दिलं या एकाच भयाने अंतःकरण पेटून उठतं, मी ओरडते, ताट भिरकावते, दार आपटून वाडीच्या टोकाला जाऊन बसते, आणि तासाभराने लाजेने अर्धी होऊन परतते. सीमेपलीकडे, गुजरातेतल्या ज्या डॉक्टरीणबाईंकडे मी दर महिन्याला जाते, त्यांनी समजावून सांगितलं की हा नुसता स्वभाव नव्हे, व्यक्तिमत्त्वाचा विकार आहे, पुष्कळदा तो बालपणीच्या घावांतून येतो आणि उपचाराने निवळतोही. ते ऐकून मी रडले, कारण पहिल्यांदाच कोणीतरी मला वाईट बाई न म्हणता आजारी बाई म्हटलं होतं. घरी आल्यावर वहिनी एवढंच म्हणाली, "नाटकाला पण आता डॉक्टर असतात काय?"

झाडावरचा चिकू वरून कळत नाही. कच्चा काय आणि तयार काय, दोन्हींची साल तीच मातकट. नख लावून बघावं लागतं. खाली हिरवं दिसलं तर राहू द्यायचा, पिवळसर दिसलं तर काढायचा. आमच्या घरातल्या प्रत्येकाला हे लहानपणापासून ठाऊक आहे. मग माणसाच्या बाबतीतच नुसती साल बघून निकाल का लागतो? हा प्रश्न मी चिकू निवडताना स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

घाव कुठला, तेही सांगते. मी सात वर्षांची असताना ताईच्या पायाच्या ऑपरेशनांसाठी आई तिला घेऊन मुंबईला गेली आणि मला एका नातेवाइकांकडे ठेवलं. पंधरा दिवस म्हणाली होती, पण सबंध वर्ष गेलं. मी रडले की त्या घरातले काका मला भाताच्या कोठीत कोंडत आणि बाहेरून कडी लावत. कोठीत भुश्शाचा वास आणि काळोख, आणि आई आता येणारच नाही ही माझी खात्री. शेवटी आई आली तेव्हा ताईच्या पायात चकचकीत नवे कॅलिपर, म्हणजे पायाला आधाराच्या लोखंडी सळ्या आणि पट्टे, होते. सारी आळी ते पाहायला लोटली, कोणी पट्टे हात लावून बघितले, कोणी तिला पेढा दिला. माझ्या पायाला काहीच झालं नव्हतं, त्यामुळे मला कोणी काही विचारलं नाही. हेव्याचं बी पडलं ते त्या दिवशी.

गेल्या चैत्रात माझ्या पुतणीचं, रेश्माचं लग्न ठरलं. जन्मल्यापासून तिला न्हाऊमाखू मी घातलेलं, तिची पहिली वेणी मी घातलेली. एका दुपारी मी ओट्यावर असताना आतून वहिनीचा आवाज आला. ती ताईला विचारत होती, "हळदीला हिला नाय आणली तर चालंल ना? पोरीच्या सासरचे असतील. मधेच हिचं काय सुरू झालं म्हणजे?" ताई काय म्हणाली ते ऐकायला मी थांबले नाही. रेश्माच्या गालाला हळद लावायला मी नसणार, या एका विचाराने माझी झोप उडाली.

त्याच आठवड्यात लग्नाची पहिली पत्रिका महालक्ष्मीपुढे ठेवायला आम्ही सारे विवळवेढ्याच्या यात्रेला गेलो. केवढी ती गर्दी! हायवेवर ट्रकांचे भोंगे, इकडे सुकट-बोंबलाच्या पाट्या, नारळांचे ढीग, धूप, धूळ आणि घाम. कुबडी दिसताच स्वयंसेवकांनी ताईला बाजूच्या दाराने आत नेलं. माझा हात तिच्या हातातून सुटला. वळून पाहते तर ना ताई, ना वहिनी. चहूकडे परकी तोंडं! त्या क्षणी मी चाळीशीकडे झुकलेली बाई नव्हतेच, कोठीतली सात वर्षांची पोर होते. अंगाला कंप सुटला, केस मोकळे झाले, आणि मी किंचाळले, "मला टाकून जाऊ नका!"

आणि गर्दी दुभंगली. कोणीतरी ओरडलं, "आई आली, आई! टाकू नका म्हणते!" माझ्या कपाळी मळवट भरला गेला, पायावर पाणी पडलं. डोंगराकडच्या गावची एक शेतकरीण आपलं तान्हं बाळ माझ्या पायांवर घालून म्हणत होती, "नाय टाकणार गो माये, दर साली येऊ." इतक्यात वहिनी शोधत आली, मला पाहताच तिने पदर सावरला, हात जोडले आणि भर रस्त्यात माझी ओटी भरली.

त्या दिवसापासून वारंच फिरलं. माझ्यासाठी नवी साडी आली, आणि हळदीला पहिला मान माझा, ताईच्या शेजारी पुढची खुर्ची माझी, असं वहिनीने सगळ्यांना सांगून टाकलं. तेच थरथरणं, तीच किंकाळी, तेच अश्रू! देवीचे म्हटले की पाया पडायचं, माझे म्हटले की नाक मुरडायचं? आता मला देवीचाही हेवा वाटू लागला. पण मी गप्प राहिले. आठ दिवस मी तो मान चवीचवीने उपभोगला, वहिनीने पुढे केलेली खुर्ची नाकारली नाही, एकदा तर तिचा नमस्कारही घेतला.

ताईला मात्र फसवणं कठीण. एका संध्याकाळी ओट्यावर बसून कॅलिपरचे पट्टे सोडता सोडता तिने विचारलं, "खरं सांग, देवी होती काय ग?" मी म्हटलं, "नव्हती. पण राहू दे ना. तुला कुबडी आहे, मला देवी असू दे. खुर्ची तरी मिळते." ती आधी खदखदून हसली, मग बराच वेळ पायावरचे पट्ट्यांचे वळ चोळत राहिली. म्हणाली, "खुर्ची! अगं, ती मला लांब बसवायला असते. हळदीत बायकांच्या मांडीला मांडी लावून मी कधी बसलेय? आणि तुला सांगू, मला तुझा हेवा वाटतो. तू रागाने ताडकन उठतेस, दार आपटतेस नि निघून जातेस. मी जन्मात एकदा पण रागाने उठून गेले नाय. पट्टे बांधून, कुबडी शोधून उभी राहीपर्यंत राग पार निवून जातो. नि लोक म्हणतात, किती शांत बाई!"

इतकी वर्षं मी जिच्यावर जळत होते, ती माझ्या आपटलेल्या दारांवर जळत होती! म्हणजे त्या शांत चेहऱ्याला नख लावून बघायचं मलाही सुचलं नव्हतं. मग माझ्यात आणि वहिनीत फरक तो काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी चिकू निवडताना मी वहिनीला सांगितलं, "यात्रेत देवी आली नव्हती. माझा आजार होता, तोच, ज्याला तू नाटक म्हणतेस. गोळ्या आणि डॉक्टर दोन्ही चालू आहेत. हळदीला यायचंय मला, पण देवी म्हणून नाही." वहिनीने हातातला चिकू पाटीत ठेवला. तिचा चेहरा उतरला, मग कोरा झाला. म्हणाली, "मग मागे बस. स्वयंपाकघराच्या दाराशी. काय वाटलं तर लगेच आत जा." साडी तिने परत मागितली नाही, एवढं मात्र खरं.

हळदीच्या सकाळी मी दाराशी चटईवर बसले. पुढे ताईची खुर्ची मांडलेली, तिच्यावर पांढरं आच्छादन. बायका गात होत्या, रेश्मा पाटावर बसली होती, आणि मी, मनाचा कोतेपणा बघा, त्या रिकाम्या खुर्चीकडेच पाहत होते. इतक्यात ठोका आला. बायका सरकल्या, वाट झाली. ठोका खुर्चीपाशी पोचला, पण थांबला नाही. तो मांडव ओलांडून माझ्या चटईपर्यंत आला. खाली बसली की ताईला एकटीला उठता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती एका हाताने भिंत धरत, घामाघूम होत खाली बसली, लुळा पाय हाताने उचलून लांब केला आणि माझ्या मांडीला मांडी लावली. "उठवशील ना ग?" तिने विचारलं.

वहिनी बघत होती. थोड्या वेळाने हळदीची वाटी हातोहात मागे आली, आणि रेश्मा स्वतःच पाटावरून उठून आमच्यापुढे गाल करून बसली.

माझा हेवा संपला का? छे, तो इतक्या सहज संपणाऱ्यातला नाही. पण त्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर मी ताईला उठवलं आणि आम्ही फाटकापर्यंत फिरून आलो. तिचा हात माझ्या खांद्यावर होता आणि कुबडी मी नुसतीच काखेत धरली होती. चिकूच्या वाळल्या पानांवर एक पाऊल वाजत होतं, एक ओढलेलं पाऊल वाजत होतं, आणि मधला ठोका ऐकू येत नव्हता.