पिकअपचा कौल

भावाची गिटार एका संध्याकाळी मुकी झाली. गिटार इलेक्ट्रिक. तारांच्या खाली पिकअप असतात, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तारेची गुंडाळी. तारांची थरथर तेच पकडतात, म्हणून ते बदलले की गिटारचा आवाजच बदलतो. तारकर्लीच्या खाऱ्या हवेने आधी खिडक्यांचे गज खाल्ले, मग टीव्ही, आणि आता हे.

थोरला भाऊ बोटीवर नोकरीला होता. एका रजेत त्याने ही गिटार आणली, पडवीत बसून मला शिकवली, आणि पुढच्या फेरीत बोटीवरच हार्ट अटॅकने गेला. तेव्हापासून संध्याकाळी मी वाजवायला बसले की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची आणि शेवटपर्यंत गप्प ऐकायची. मुलाचा तेवढाच आवाज तिच्यापाशी उरलाय, अशी माझी खात्री होती. तो माझ्या हातून पुसला गेला तर मी तिला काय तोंड दाखवणार होते?

मी पाठवलेली गिटार उघडून कोल्हापूरच्या दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितलं, जुनी गुंडाळी पार गंजलीय, नवेच पिकअप घ्या. त्यात दोन प्रकार. एका गुंडाळीचे घेतले तर आवाज जुन्यासारखा धारदार, पण मागे सतत घूं घूं. दोन गुंडाळ्यांचे घेतले तर घूं घूं नाही, आवाज मात्र जाड. मी मोबाइलवर नमुने ऐकत बसले. एक ऐकलं की वाटायचं, हाच तो. पुन्हा ऐकलं की भाऊ कसा वाजवायचा तेच आठवेना. जेवण जाईना, आणि आईवर उगीच खेकसायला लागले.

शेवटी तीच म्हणाली, देवाला कौल लावूया. आमच्याकडे लग्न, विहीर, म्हैस, सगळं देवाला विचारून होतं, पिकअप पहिल्यांदाच. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देव हो किंवा नाही एवढंच सांगतो, म्हणून मी आईला वाटभर पढवलं, आवाज जुन्यासारखाच ठेवू का, एवढंच विचार.

गुरवाने पाकळ्या लावल्या, देवाची आळवणी, म्हणजे गाऱ्हाणं, सुरू केलं आणि आईकडे पाहिलं. तिने पढवलेलं काही विचारलं नाही.

"चेडू आता आपल्या मनासारखा वाजवूंदे काय, इतक्याच देवाक इचारा," ती म्हणाली. चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी.

पाकळी हलेना. आई माझ्याकडे न बघता हळू आवाजात बोलायला लागली.

"तो आवाज इलो काय माका वाटता, झील इलो, तुझो दादा. भायर येवन बघतंय, तर तू."

एवढी वर्षं सांगितलं का नाहीस, मी विचारलं.

"तुका तितकोच आधार होतो गो. म्हणान बसलंय आयकत."

तिच्यासाठी म्हणून मी जो आवाज जपत होते, तो ती माझ्यासाठी सोसत होती. आता हरकत घेणारं कोणीच उरलं नव्हतं, तरी भाऊ हातून सुटेल या भीतीने मी पाषाणाकडे बघत मनातल्या मनात विनवत होते, डावी पडू दे, देवा, डावी पडू दे.

उजवी पडली.