लागन का नागपूरले?

पिंजाऱ्याच्या दुकानात जो बसला, त्याच्या अंगाले रुई चिकटतेच. कितीबी झटका, घरी गेल्यावर बायको कानामागून एक पुंजका काढतेच! किस्स्यायचंबी तसंच हाये राजेहो. मी काई जमवाले गेलो नव्हतो. चिकटले.

आमचा अड्डा म्हंजे कारंज्यातल्या गफूर पिंजाऱ्याच्या दुकानाचा ओटा. गफूर आत गाद्यायचा जुना कापूस धनुकीनं पिंजे. मी संपत, बाजारात अडत्याकडे कापूस पाहाचं काम करो. चिमटीत घेऊन ओढाचा अन् धागा किती लांब ते सांगाचं. तिसरे मास्तर, हायस्कुलात गनित शिकवत. लढाईचे दिवस होते ते. मॅट्रिकचा निकाल लागला का बाप लोक पोरायले घेऊन ओट्यावर येत अन् मास्तरले एकच इचारत, "पोट्टं नागपूरच्या मोठ्या कॉलेजात लागन का?"

तिथं साऱ्या वऱ्हाडातून मूठभर पोरं घेत. मास्तर मार्क पाहे, मान हलवे. बापाचं तोंड असं उतरे का मले पाह्यवे ना.

*

एकदा इंझोरीचे एक पाटील आले. पोरगं काठावर पास. मास्तर म्हने, "कठीन हाये, पाटील."

पाटलाचा चेहरा पडला. मी गफूरच्या ढिगातून चिमूटभर कापूस उचलला, पोराच्या डोक्यावरून ओवाळला अन् ओढला. "पाटील, धागा लांब हाये! पोट्टं नागपूरले जाते. पन मधात गाठ हाये."

"म्हंजे?"

"कॉलेज नाही भेटत. सासरा भेटते नागपूरचा!"

सारा ओटा हासला. पाटीलबी हासले. अन् पुढच्या वैशाखात त्या पोराले नागपूरचीच पोरगी सांगून आली! पाटलानं मले टोपलंभर आंबे धाडले. तवापासून लोक आधी माह्याकडे येत अन् मंग मास्तरकडे!

मास्तर म्हने, "संपत, तू माहं गनित बुडवलं."

*

मानोऱ्याकडचा एक कास्तकार तर पोराच्या अर्जासंगं पांढऱ्याशुभ्र कापसाची गठुडी घेऊन आला. म्हने, "मास्तर, हे बी नागपूरले धाडा."

"कायले?"

"वानगी नको का? बाजारात गाडीच्या आधी वानगी जाते. मुठीत माल पाहल्याशिवाय सौदा कोन करते?"

मास्तर शांतपने म्हने, "भाऊ, तिथं वानगी म्हनून पोरगंच पाठवा लागते."

मानसानं पोराकडे खालून वर पाहलं. मंग गठुडी उचलली. "मंग राहू द्या," म्हने. "कापूस चांगला हाये."

*

आता आमच्या राशीदचं सांगतो. गफूरचा एकुलता एक. माय लहानपनीच गेली. गफूरनंच भाकरी थापून थापून वाढवलेलं पोरगं. गनितात असं का मास्तरच त्याले इचारत! नागपूरले जाचं म्हनून त्यानं ध्यास घेतला होता.

मास्तर म्हने, "मार्कायची चिंता नाही. पन तिथं साहेब समोर बसवून इचारते. अन् हे पोट्टं इंग्रजी बोलतानी मान खाली घालते. तिथंच मार खाईन."

मंग काय, मी झालो साहेब! डोक्यावर टोपलं घातलं, पोत्यावर बसलो, पायावर पाय टाकला. मले इंग्रजीतला एकच सवाल येत होता. तोच इचारला, "व्हाट इज युवर नेम?"

राशीद मान खाली घालून पुटपुटला. मी पुन्हा इचारलं. पुन्हा पुटपुटला. रोज संध्याकाळी मी तेच इचारो. आठवडा झाला. एक दिवस पोट्टं असं चिडलं, मान वर केली, माह्या डोळ्यात डोळे घातले अन् वरडलं,

"सेम ॲज यस्टरडे, सर!"

मास्तर टाळ्या वाजवत उठले. "झालं! आता कोन्या साहेबाले भीत नाही!"

आत गफूरची धनुकी मात्र त्या येळी लयच जोरात वाजे. जसं काई बाहेरचं ऐकूच येऊ नये.

*

मास्तर राशीदले नागपूरले नेऊन त्याची मुलाखत करवून आले. आता चिठ्ठीची वाट. नागपूरहून कोनीबी आलं का गफूर त्याले ओट्यावर बसवे. कॉलेजचं काई इचारे ना. इचारे, "तिथं ज्वारी कशी हाये? भाकर भेटते का सारे चपात्याच खातेत?"

एका दुपारी ओट्यावर आमी दोघंच. गफूर आतून आला, हातात पुंजका. "संपत, ओढून पाह्य."

"तू तर हासत होता ना बे माह्या ओढन्याले?"

"ओढ म्हनलं ना."

मले खोडी सुचली. मी ओढला अन् म्हनलो, "तुटला गा! पोट्टं नाही जात."

अन् काय सांगू, गफूरचं तोंड उजळलं! दिवाळीवानी. एक घटकाच. मंग एकदम काळं पडलं.

"खुश कायले झाला बे?"

"कोन झालं खुश?" तो आत गेला, दुसरा पुंजका घेऊन आला. "तो कापूस जुना होता. हा ओढ."

मी ओढला. "लांब हाये. जाते."

"पुन्हा ओढ," गफूर म्हने. दिवे लागेपर्यंत ओढून राह्यलो होतो आमी.

*

चिठ्ठी आली. मास्तरनं वाचली अन् मोठ्यानं म्हने, "लागला!"

जायाच्या दिवशी गफूर म्हने, "मी टेसनावर येत नाही. काम पडलं हाये." अन् आमच्या आधी टेसनावर हजर! खांद्यावर नवी रजई, एवढी जाड का दोन मानसं झाकून जातीन.

गाडी लागली. राशीद चढला. गफूर रजई ठेवाले आत गेला. शिटी झाली, गाडी हालली. मी अन् मास्तर वरडलो, "गफूर, उतर!" खिडकीतून फक्त रजई दिसे.

चवथ्या दिवशी गफूर दुकानात.

"कुठं होता बे?"

"नागपूरले."

"रजई ठेवाले चढला होता ना तू?"

"हाव. उतरनारच होतो. गाडी थांबली नाही."

मास्तरले राहवलं नाही. "गफूरभाई, आपली छोटी गाडी? ते तर रुळावर म्हैस आली तरी थांबते! अन् मूर्तिजापूरले उतरून दुसऱ्या गाडीत बसा लागते!"

गफूरनं धनुकी उचलली.

"म्हशीसाठी थांबत असन, मास्तर," म्हने. "माह्यासाठी नाही थांबली."