कोचबाईंनी न निवडलेल्या काठ्या

कोचबाईंबद्दल लिहा असं मंडळातल्या पोरांनी मला यापूर्वीही सांगितलं होतं. दर वेळी मी टाळलं. कधी डोळ्याचं ऑपरेशन पुढे केलं, कधी नातीचं लग्न, एकदा तर चष्माच सापडत नाही म्हणून सांगितलं. या वर्षी स्मरणिकेचं काम बघणारा विनायक घरीच येऊन बसला. म्हणाला, "अण्णा, आपल्या परळात आइस हॉकी कशी आली हे आता तुमच्याशिवाय कोण सांगणार? कोचबाई तर गेल्या." तो सहज बोलला. मी मात्र चहाचा कप खाली ठेवून वही शोधायला उठलो. म्हणून लिहितो आहे. वाचून काही जणांना माझा राग येईल. येऊ दे.

कोचबाईंकडे पहिल्या दिवशी काठी मिळत नसे, खराटा मिळे. मैदान झाडायचा, लांब दांड्याचा खराटा. मूल आलं, नाव सांगितलं, की तो त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "हं, झाड." मूल बिचारं झाडू लागे. बाई झाडण्याकडे बघतच नसत, हातांकडे बघत. दांड्यावर कुठला हात आपोआप वर गेला, कुठला खाली आला, एवढंच त्यांना हवं असे. या खेळातल्या काठीचं पातं एका बाजूला वळलेलं असतं, म्हणून काठी डावी तरी असते किंवा उजवी तरी. ती ठरायची खराट्यावरून: उजवा हात वर गेला तर काठी डावी, डावा गेला तर उजवी. विचारलं तर मुलं आपण बॅट कशी धरतो ते सांगतात, असं त्यांचं म्हणणं. "तोंड क्रिकेटचं बोलतं हो अण्णा, हात खोटं बोलत नाहीत."

पालकांना हे झेपत नसे. एक आई एकदा तणतणत आली. "मॅडम, आमच्या मुलीच्या हातात घरी कोणी झाडू दिलेला नाही."

"ते कळलं मला," बाई शांतपणे म्हणाल्या. "सगळी धूळ माझ्याच अंगावर उडवली तिनं."

ती मुलगी ऋजुता. तिचं नाव पुढे येणार आहे.

बर्फ आमच्याकडे गोळेवाल्याच्या गाडीवर. मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचा चौथरा होता, त्यावर मुलं चाकांचे स्केट्स घालून खेळत, आणि या खेळातल्या रबरी चकतीऐवजी प्लास्टिकचा चेंडू. वर्षातून एकदा थंडीत लडाखला स्पर्धा असे, तेव्हा काय तो खरा बर्फ. कोचबाई स्वतः पहिल्यांदा तिथे गेल्या तेव्हा आडव्याच झाल्या होत्या, आणि ते त्या स्वतःच हसून सांगत. "चाकांवर सरळ उभा राहणारा माणूस बर्फावर निदान सरळ पडतो, एवढाच फरक." नाव शुभदा, वय चाळिशीच्या आतबाहेर, राहायला अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत आईसोबत, मूळ घर मालवणकडचं. सकाळी एका शाळेत पी.टी. शिकवायच्या, संध्याकाळी आमच्याकडे. तोंड फटकळ. वेळेवर येणं त्यांना कधी जमलं नाही, आणि दुसऱ्याचं पेन घेतलं की ते परत मिळत नसे. कमिटीतल्या निम्म्या लोकांना त्या आवडत नसत. मला आवडत. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणाला ते खरं वाटणार नाही.

त्या काठी कशी बघायच्या ते बघण्यासारखं असे. नमुन्याच्या दोन-चार काठ्या आल्या की आधी सगळ्या भिंतीला टेकवून ओळीनं उभ्या करायच्या आणि त्यांच्यासमोर मुलांना अनवाणी उभं करायचं. काठी नाकाशी आली तर बरोबर. मग पातं जमिनीवर टेकवून मधोमध दाबायचं. काठीनं वाकलं पाहिजे. मुलाच्या वजनानं जी वाकत नाही ती त्या मुलाची नाही. प्रत्येक काठीवर एक आकडा असतो, तो जेवढा मोठा तेवढी काठी ताठ. पण आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता, मुलाला स्वतः दाबायला लावायच्या. जुन्या काठीच्या पात्यावरची टेप उलटसुलट करून बघायच्या. पात्याच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याला लागून, झिजली असेल तर म्हणायच्या, "ही लांब पडतेय तुला. सांगितलं का नाहीस?" मुलं त्यांना डॉक्टरसारखी घाबरत.

"वरचा हात सुकाणू, खालचा हात वल्हं," हे तर दिवसातून कितीदा कानावर पडे. "वरचा हात घट्ट धर गो. खालचो सोड, सोड खालचो." चिडल्या की भाषा मालवणकडे वळायची.

एकदा मी विचारलं होतं, "लांब काठी घेऊन वरून कापली तर काय बिघडतं? मुलं वाढती आहेत. वाढत्या मापाची घेऊ, दोनतीन वर्षं पुरेल." आपल्या घरांमधून हेच चालत आलेलं. शाळेचा शर्ट ढगळ, बुटात कापसाचा बोळा, पुढच्या वर्षी नीट बसेल. कोचबाईंनी हातातली काठी माझ्यासमोर उभी धरली. "कापता येते, अण्णा. पण कापली की उरलेली अजून ताठ होते. मूल वाढेपर्यंत त्याच्या हातात खांब द्यायचा का?"

मला ते पटलं नव्हतं. मी जुना गिरणीच्या टीमचा हॉकीपटू. आमच्या मैदानी हॉकीत सगळ्यांना एकाच बाजूची काठी, उजवी. डावरा असेल त्यानं सवय करून घ्यायची. सगळे करून घेत. उजव्या हातानं जेवणाऱ्या मुलीला डावी काठी द्यायची म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पण मी बोललो नाही. मनात ठेवलं.

त्या वर्षी मुलींची टीम लडाखला जायची होती. बारा-तेरा वर्षांच्या मुली. नव्या काठ्या घ्यायच्या ठरल्या. बाईंनी आठवडाभर मुलींना नमुन्यांवर खेळवलं आणि कमिटीला सांगितलं: लहान मापाच्या, मऊ, डाव्या जास्त, उजव्या थोड्या. कमिटीनं मान डोलावली. दिल्लीच्या डीलरशी बोलायचं काम माझ्याकडे, कारण सामानाचं सगळं मीच बघत असे.

दिवाळीच्या तोंडावर डीलरचा फोन आला. डाव्या, मऊ काठ्यांना वेळ लागेल म्हणाला. मोठ्या मापाच्या उजव्या तयार आहेत, एकदम दणकट माल, उद्या पाठवतो. कोचबाई आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी घेऊन गेल्या होत्या. पण फोन तर माझ्या हातातच होता. दोन मिनिटं थांबा, विचारून सांगतो, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पाठवा." मनात आलं, बाईंचं जरा जास्तच असतं. काठी काठीच असते. आणि वाढत्या मापाच्या आल्या तर उलट चांगलंच.

काठ्या आल्या तेव्हा कोचबाईंनी खोकं उघडलं आणि एक काठी बाहेर काढली. ती ऋजुताच्या कपाळाशी आली. बाईंनी मुलींना मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"अण्णा, या कोणी मागवल्या?"

"मीच. तुमच्या मिळत नव्हत्या."

"मला फोन का नाही केलात?"

"तुम्ही आईंच्या गडबडीत होता."

"परत पाठवू या."

"वेळ कुठे आहे? कापून घेऊ ना."

त्यांनी काठी खोक्यात परत ठेवली. परत पाठवायला वेळ होता. पण पाठवल्या तर कमिटीसमोर मी विचारल्याशिवाय मागवल्या हे निघालं असतं, आणि बाईंना ते दिसत होतं. माझ्यासाठी त्या गप्प बसल्या, असं मला आज वाटतं. सुताराकडून काठ्या कापून घेतल्या. त्यातही ऋजुताची त्यानं बेताचीच कापली, कारण तिचे वडील म्हणाले, "जरा राहू दे, वाढती आहे." बाईंनी पुन्हा कापायला सांगितली, तेव्हा मीच म्हणालो, "असू दे हो."

लडाखला मी गेलो नव्हतो. जे झालं ते मुलींच्या तोंडून ऐकलं. तळ्यावरच्या बर्फाला भेग होती. ऋजुता वेगात येत होती आणि काठीचं पातं भेगेत अडकलं. मऊ काठी वाकली असती. ही वाकली नाही, जागच्या जागी उभी राहिली, आणि वरचं टोक तिच्या तोंडावर बसलं. पुढचे दोन दात तुटले, ओठ फाटला. बाई बर्फावर गुडघे टेकून तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि हातातल्या रुमालाचा रंग बदलत होता, असं एक मुलगी सांगत होती. सांगताना ती स्वतःच्या दातांना हात लावत होती.

परत आल्यावर सभा बोलावली. मंडळाचा तोच हॉल, ज्यात आपण बारशी आणि साखरपुडे करतो. ऋजुताचे वडील उभे राहिले. ओरडले नाहीत, हे जास्त वाईट होतं. म्हणाले, "मला एवढंच सांगा. माझ्या मुलीच्या हातात ती काठी कोणाच्या सांगण्यावरून आली?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "अण्णा, सामानाचं तुम्ही बघता ना?"

मी म्हणालो, "काठ्यांची निवड कोचबाई करतात."

यातला शब्दही खोटा नव्हता. निवड त्याच करत. त्यांनी निवडलेल्या काठ्या आल्याच नाहीत, हे पुढचं वाक्य मी बोललो नाही. कमिटीतल्या इतरांना त्यांची शिफारस आठवत असायला हवी होती, पण डाव्या-उजव्याचं तेव्हाच कोणाला कळलं नव्हतं, आणि कोणी आठवायलाही गेलं नाही. कोचबाई खिडकीजवळ बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. नवीन मूल खराटा कसा धरतंय ते बघताना जशा बघायच्या, तशा. मग त्या म्हणाल्या, "मुलीची जबाबदारी माझी होती," आणि उठून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. खराटा बरेच दिवस चौथऱ्यावर उभा होता, नंतर सफाईवाल्यानं नेला.

पुढे त्यांना कुठेच मुलं शिकवायला मिळाली नाहीत. "त्या दात पाडणाऱ्या बाई" असं पालक एकमेकांत बोलत, दादरच्या एका क्लबनं बोलावून नंतर नको म्हणून कळवलं. हे सगळं माझ्यापर्यंत येत होतं. मी "अरेरे" म्हणत होतो.

गेल्या वर्षी त्या वारल्याचा मेसेज मंडळाच्या ग्रुपवर आला. ज्यांनी नावं ठेवली त्या सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली, "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहिलं. त्यात मीही होतो. ऋजुतानं काही लिहिलं नाही. तिनं नंतर मला फोन करून विचारलं, "अण्णा आजोबा, बाईंना वाटलं असेल का हो, की माझा त्यांच्यावर राग होता?" मी म्हणालो, "नाही गं, नाही." तिलाही खरं सांगितलं नाही. हा अंक छापून आला की तिनं आधी हे पान वाचावं, अशी माझी इच्छा आहे.

त्या जाण्याआधी एकदा मी अँटॉप हिलला गेलो होतो. माफी मागायचीच, असं ठरवून. दार त्यांच्या आईंनी उघडलं. आई खूप म्हाताऱ्या झाल्या होत्या. नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरून आत नेलं.

"मंडळातले अण्णा? बसा हो, बसा. शुभा सांगता, मंडळात एक अण्णा तेवढे आपले. गुडघो दुखता म्हणान मंडळ सोडल्यान तिणा. तुमी तिका खूप सांगून बघितलात म्हणे."

मी कोचबाईंकडे पाहिलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांची बशी घेऊन उभ्या होत्या. "पोहे घ्या अण्णा," म्हणाल्या, "आईनं केलेत, तिखट असतील." आईला त्यांनी काय सांगून ठेवलं होतं ते मला कळलं. त्या खोलीत मी तोंड उघडलं असतं, तर आईला लेकीचं सगळंच कळलं असतं. मी पोहे खाल्ले. हवापाण्याचं बोललो, लालबागच्या नव्या इमारतींचं बोललो.

निघताना त्या मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आल्या. गुडघा खरंच दुखत असावा, एक पाय जरा ओढत होत्या. स्टॉपवर दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणालो, "कोचबाई, त्या काठ्यांचं..."

"कापल्यावर ताठ होतात अण्णा," त्या हसल्या. "मी तेव्हाच सांगितलेलं. तुम्ही ऐकता कुठे कोणाचं?"

"तसं नाही. मला सांगायचंय की त्या दिवशी हॉलमध्ये..."

बस आली. त्यांनी माझं कोपर धरून मला पायरीवर चढवलं. मी आत वळून उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि त्या खालून म्हणाल्या, "वरचा हात घट्ट धरा. पडाल."

मी वरची दांडी धरली. दार मिटलं. त्या काचेतून हात हलवत होत्या आणि मी, कंडक्टर "पुढे सरका" म्हणत असताना, काचेला तोंड लावून म्हणत होतो, "काठ्या मी मागवल्या होत्या, बाई. मी." त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाला हात लावून "काय?" असं विचारलं, आणि बस सुटली.