वर्गणीची पावती आणि साठ प्रश्नावल्या

तारीख २५ एप्रिल १९९८, शनिवार. रक्कम रुपये एक्कावन्न फक्त. हजर तिघे: बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक, माझ्या मार्गदर्शक मॅडम आणि मी.

एम.ए.च्या लघुप्रबंधाची तोंडी परीक्षा चालू होती. विषय नागरी समाजशास्त्र. परीक्षकांनी माझा लघुप्रबंध शेवटून उघडला. शेवटच्या पानावर खर्चाचा तक्ता होता. तो जोडायला मला कोणीही सांगितलं नव्हतं. झेरॉक्स, बसचा पास, बॉलपेनं दोन, आणि त्याखाली एक ओळ: ‘वर्गणी, रु. ५१’.

“ही वर्गणी कसली?” परीक्षकांनी विचारलं.

“ज्या गल्लीचा अभ्यास केला सर, तिथल्या तालीम मंडळाची. गणपतीची.”

“म्हणजे माहिती देणाऱ्यांना तुम्ही पैसे दिलेत. द्यायचे नसतात, हे पहिल्याच वर्षी शिकवतात ना?”

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

शंभर गुणांचा हा लघुप्रबंध नापास झाला असता तर माझं वर्ष गेलं असतं, आणि माझ्याकडे वर्ष शिल्लक नव्हतं. गडमुडशिंगीला वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान होतं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, “दोन वर्सं शीक. तिसरं मागू नगंस. मग गपगुमान काट्यावर बसायचं.” काटा म्हणजे दुकानातला वजनकाटा. दोन वर्षं संपायला तेव्हा पाच दिवस उरले होते.

त्या एक्कावन्न रुपयांची गोष्ट आदल्या ऑगस्टमधली आहे.

गावाकडून बसने अर्ध्या तासात कोल्हापुरात येऊन मी शहरांचा तज्ज्ञ झालो होतो. पुस्तकात लिहिलं होतं की शहरात माणसं जवळजवळ राहतात पण एकमेकांना ओळखत नाहीत. संबंध कामापुरते असतात. मला हे इतकं पटलं होतं की निष्कर्षाचं प्रकरण मी जूनमध्येच स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलं. टक्क्यांच्या जागा तेवढ्या मोकळ्या सोडल्या होत्या. आता फक्त शहर तपासायचं बाकी होतं.

त्यासाठी शाहूपुरीतली एक गल्ली निवडली. साठ घरं, खाली यंत्रांचे सुटे भाग विकणारी दुकानं, तोंडाला तालीम मंडळ. बावीस प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. शेजारच्या दहा घरांपैकी किती कुटुंबप्रमुखांना तुम्ही नावाने ओळखता? गेल्या महिन्यात शेजाऱ्याकडे किती वेळा गेलात? शेजाऱ्याशी भांडण आहे का? घरात माणसं किती, उत्पन्न किती? असं सगळं.

पहिल्या दिवशी मी फाइल घेऊन गल्लीत शिरलो आणि चार घरांची दारं माझ्यासमोर बंद झाली. पाचव्या घरातली बाई दार अर्धवट उघडून म्हणाली, “काल नेली की वर्गणी. पावती दावू व्हय?” गणपती तोंडावर आले होते, आणि त्या दिवसांत हातात कागद घेऊन घरोघरी फिरणारा माणूस एकाच कामाचा असतो, हे माझ्या पुस्तकात नव्हतं.

मंडळाचे अध्यक्ष नटबोल्टच्या दुकानात बसायचे. पन्नाशीचा, आडवा बांधा, कानावर पेन्सिल. सगळी गल्ली त्यांना दादा म्हणायची. मी ओळख सांगितली.

“बसा की पावणं. च्या घ्या. किती कागद हायत?”

“साठ.”

“ठिवून जावा. रविवारी या, भरून ठेवतो.”

प्रश्नावली उत्तर देणाऱ्यासमोर बसून भरायची असते, हे मला पाठ होतं. पण मी मनात हिशेब केला. एका घराला पंचवीस मिनिटं, साठ घरं, म्हणजे पंचवीस तास. शिवाय बंद दारं वेगळी. मी कागद ठेवले आणि चहा प्यायलो. पंचवीस तास वाचवल्याबद्दल बसमध्ये मला स्वतःचा अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो.

रविवारी साठच्या साठ कागद भरून तयार होते. एकही कोरा नाही, एकही फाटका नाही. घरी येऊन मी कॅल्क्युलेटर काढला आणि तक्ते केले. सगळे शेजारी ओळखीचे: १००.०० टक्के. शेजाऱ्याकडे रोज जाणं: १००.०० टक्के. भांडण: ०.०० टक्के. पुस्तकाच्या अगदी उलट. मी डगमगलो नाही. जूनमधल्या निष्कर्षात जिथे ‘नाहीत’ होतं तिथे ‘आहेत’ केलं आणि तक्ते घेऊन मॅडमकडे गेलो.

त्यांनी चष्मा पुसला. “शून्याच्या पुढे आणखी दोन शून्यं कशाला?”

“अचूकतेसाठी, मॅडम.”

“बरं. आणि साठही घरांचं उत्पन्न महिन्याला दीड हजार? दुकानदाराचंही आणि त्याच्या नोकराचंही?” त्यांनी माझ्याकडच्या प्रश्नावल्या मागून घेतल्या आणि चार-पाच उलटल्या. “अक्षर फक्त दोघांचं आहे. तुम्ही साठ माणसांना भेटलात, की एका माणसाला साठ वेळा?”

दोन आठवड्यांत खरी माहिती आणा, नाहीतर मी सही करणार नाही, एवढंच त्या म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी काय केलं तेही सांगायला हवं. तीन रंगांची बॉलपेनं घेतली, त्यातली दोन खर्चाच्या तक्त्यात आहेत, आणि कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन घरी दुकानावरच्या माडीवर बसलो. म्हटलं, आपणच भरू. कधी डाव्या हाताने, कधी तिरकं. पण मला खोटं जमेना. एका घरात माणसं सात लिहिली आणि खालच्या रकान्यात मोठी चार नि लहान दोन. सातवा माणूस कुठे गेला, हे शोधण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. वडील पाणी प्यायला वर आले. कागद बघून म्हणाले, “घरातच बसून गल्ली फिरतोयस व्हय?”

मी कागद उशीखाली सारले.

“दुकानात ह्येच करशील तर खत कमी भरंल लेका,” असं म्हणून ते खाली गेले. मी ते कागद फाडले. नीतीपेक्षा बेरीज जुळत नव्हती हे कारण मोठं होतं.

दुसऱ्या दिवशी नटबोल्टच्या दुकानात जाऊन मी दादांना साठ कागदांचं गाऱ्हाणं सांगितलं. त्यांना धक्का बसला.

“सगळ्यांचं सारखं लिवलं म्हणून मार्क कापलं? अहो पावणं, तुमच्यासाठीच सारखं लिवलं की. कोर्टात साक्षीदार एक एकीकडं, एक दुसरीकडं बोलला की केस गेली. म्हणून मी आन् मंडळाचा सेक्रेटरी दोघं बसलो, एकमत केलं आन् लिवलं. आमच्या गल्लीची साक्ष फुटत न्हाय.”

“आणि उत्पन्न?”

“रेशनकार्ड जाईल म्हणून. त्येवढं तुमाला कळायला पायजे हुतं.”

“दादा, मला खरं हवंय. प्रत्येक घरातलं वेगळं.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून गल्ल्यावर ठेवली. “भांडणं, उत्पन्न, कोण कुणाशी बोलत न्हाय, ह्ये सगळं? ह्ये पावण्याला कसं सांगायचं?” मग गल्ल्याखालून पावतीपुस्तक काढलं. “वर्गणी द्या. एक्कावन्न.”

माझ्या खिशात साठ-पासष्ट रुपये होते. उत्तरासाठी पैसे देऊ नयेत हा नियम आठवत होता. मी विचारलं, “पावती मिळेल ना?”

“पावतीच फाडतोय की.”

त्यांनी माझं नाव लिहिलं. पत्त्याच्या रकान्याशी थांबले. गडमुडशिंगी लिहितील असं वाटलं. त्यांनी ‘इथलेच’ असं लिहिलं आणि पावती माझ्या हातात दिली. मग दुकानाबाहेर येऊन वरच्या मजल्याकडे तोंड करून ओरडले, “काकू, ह्यो पोरगा येतोय गं. आपलाच हाय. खरं सांग त्येला.” आणि मला म्हणाले, “जा रं. चप्पल खालीच काढ.”

पाच मिनिटांपूर्वी मी ‘पावणं’ होतो. आता ‘जा रं’. मला जरा अपमानच वाटला. एम.ए.च्या विद्यार्थ्याशी असं बोलतात का?

वर काकू म्हणजे पहिल्या दिवशी पावती दाखवायला निघालेली तीच बाई. मी प्रश्न वाचला: शेजाऱ्यांशी संबंध चांगले, साधारण की वाईट?

“शेजारनीशी तीन वर्सं बोलत न्हाय. तिच्या मोरीचं पाणी माझ्या भिंतीत येतंय.”

मी ‘वाईट’वर खूण केली. तिने कागदात डोकावून पाहिलं. “वाईट कशाला लिवतोस? तिच्या लेकीच्या लग्नात भाकरी कुनी थापल्या? मी.”

“मग चांगले लिहू?”

“चांगलं लिव आन् तिला दाव, म्हंजे डोक्यावर बसंल.”

“साधारण?”

“साधारण म्हंजे कसं? तीन वर्सं बोलत न्हाय म्हटलं की तुला.”

चौथा रकाना माझ्याकडे नव्हता. मी समासात लिहायला लागलो. पंचवीस मिनिटांचं घर दीड तास चाललं. पुढच्या घरात तसंच. वाचवलेले पंचवीस तास मला व्याजासकट परत द्यावे लागले. पंधरवडाभर मी रोज त्या गल्लीत चहा पीत होतो, आणि समास सगळे काळे झाले. मग मी घरी बसून ते समास पुन्हा तीन रकान्यांत कोंबले, टक्के काढले (या वेळी शून्यांशिवाय), आणि मॅडमनी सुस्कारा टाकून सही केली. समासातलं सगळं गाळलं. एक्कावन्न रुपये मात्र गाळवेनात, म्हणून शेवटच्या पानावर तक्ता.

तर एप्रिलमधला तो शनिवार. परीक्षक म्हणाले, “पावती आहे?”

होती. पाकिटात होती. त्यांनी ती उलगडून वाचली आणि मॅडमकडे सरकवली. “पत्ता बघा.”

मॅडमनी पत्ता बघितला.

“ही वर्गणी दिल्यावर काय बदललं?” परीक्षकांनी मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. साक्षीदारांचं एकमत, दादांचं ‘पावणं’ जाऊन ‘जा रं’ येणं, काकू, मोरी, भाकरी. हे सगळं माझ्या चुकांचं निवेदन होतं.

“हे प्रबंधात कुठे आहे?”

“नाही, सर.”

“का?”

“कोष्टकात बसलं नाही.”

ते हसले नाहीत. प्रबंध मिटून म्हणाले, “तुमची एकशेवीस पानं मी वाचली. त्यात शहर फक्त या खर्चाच्या तक्त्यात आहे. आता जे सांगितलंत ते तीन पानांत लिहा. सोमवारी अकराला मी इथे आहे. पानं बांधून आली तर पास. सुटी चालणार नाहीत.”

त्याच संध्याकाळी पानं लिहून टाइप करून घेतली. उरला रविवार, आणि रविवारी बाइंडर बंद. त्या गल्लीत एक बाइंडर राहायचा. घर वर, दुकान खाली. मी गेलो तर दुकानाला कुलूप. परत निघालो होतो, तेवढ्यात तालमीच्या कट्ट्यावरून दादांनी विचारलं, “कुठं रं?” मी सांगितलं. त्यांनी वर तोंड करून बाइंडरला नावाने हाक मारली. तो बनियनवर खाली आला, कुलूप काढलं, जुना पुठ्ठा उसवला आणि तासाभरात तीन पानं घालून प्रबंध पुन्हा बांधला. माझा प्रश्न क्रमांक नऊ होता, ‘अडचणीच्या वेळी शेजारी मदत करतात का?’. तो मला तिथे उभा असताना आठवला, आणि त्याचं उत्तर मी टक्क्यांत दिलं होतं.

सोमवारी पास झालो. गुण चोपन्न. प्राध्यापक होण्याइतके ते नव्हते, पण नोकरी मिळण्यापुरते होते, म्हणून काट्यावर बसावं लागलं नाही. तो धाकट्या भावाने सांभाळला. मी पतसंस्थेत हिशेब तपासायला लागलो आणि अजून तेच करतो.

शेवटी दिलेली रक्कम: बांधणीचे रुपये पंचवीस, त्या बाइंडरला. भिंतीवरच्या पाटीवर दर चाळीस होता. मी पावती मागितली तर तो म्हणाला, “गल्लीतल्या मानसाला कसली पावती?” त्यामुळे ही एक रक्कम माझ्याकडे अजून विनापावती आहे.