आबांच्या गाडीखालचा हिरवा ओरखडा

भुतंखेतं, भास, साक्षात्कार यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. मी प्लास्टिकच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. सत्तावीस वर्षं झाली. डोळ्यांना दिसतं त्यावरही मी लगेच विश्वास ठेवत नाही, आधी व्हर्निअर लावून मोजतो. आमची वंदना म्हणते, लग्नाआधी मला बघायला आलास तेव्हाही खिशात असणार. (नव्हता. बॅगेत होता.)

राहतो मुलुंड पूर्वेला, दुसऱ्या मजल्यावर. दोन वर्षांपासून वंदनाचे वडील, म्हणजे आबा, आमच्याकडे आहेत. वय एक्याऐंशी. त्यांना काचबिंदू आहे. गाव देवगड तालुक्यात. तिथून येताना त्यांनी दोनच गोष्टी आणल्या, एक पत्र्याची ट्रंक आणि त्यांची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप. जीप आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते. आणि तिचा एक कायदा आहे. "गाडयेक काय्येक लावूचा नाय." स्टिकर नाही, पुढे लोखंडी गार्ड नाही, बाजूला पाईपच्या पायऱ्या नाहीत. असल्या सजवलेल्या गाड्या दिसल्या की आबा विचारायचे, ही गाडी हा की पाळणो?

आता अडचण अशी. आबांच्या घराकडे जाणाऱ्या पाणंदीत शेवटच्या वळणावर जांभ्याचा एक कातळ डावीकडून बाहेर आलाय. आबांनी तीस वर्षं गाडी तिथून अलगद काढली. मी एकदाच नेली आणि डाव्या दाराखालचा पत्रा, ज्याला गॅरेजवाले सिल म्हणतात, तो टिनच्या डब्यासारखा आत दाबला. आबांनी उतरून त्या पोचावर फक्त हात फिरवला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

यंदा पावसाळा संपल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आहे ती नजर किती टिकेल सांगता येत नाही, काही दाखवायचं असेल तर लवकर दाखवा. आबांना एकच गोष्ट बघायची होती... त्यांचं घर. दर रविवारी चहा घेताना विचारायचे, "कधी जावचा?" आणि मी म्हणायचो, गाडीचं थोडं काम आहे आबा, ते झालं की निघू. खरं सांगायचं तर मी त्या कातळाला घाबरत होतो. ट्रेनने न्यायचं म्हटलं तर ते ऐकेनात. स्वतःच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, स्वतःच्या गाडीतूनच उतरणार.

शेवटी मी भांडुपच्या सोनवणेंकडे गेलो. फॅब्रिकेशनचं काम, हात एकदम साफ. त्यांना म्हटलं, सिलच्या खाली दोन्ही बाजूंना जाड चौकोनी पाईप पाहिजे, चॅसीला बोल्ट केलेला, म्हणजे दगड लागला तर मार पाईप खाईल. पण इतका आत की उकिडवं बसल्याशिवाय दिसता कामा नये.

सोनवणेंनी वेल्डिंगचा चष्मा वर केला. "साहेब, लोक माझ्याकडे पाईप दाखवायला लावतात. तुम्ही पहिलेच, लपवायला आलात. कोणापासून?"

"सासऱ्यापासून."

"मग झकास लपवतो," ते म्हणाले. त्यांनाही सासरे असावेत.

त्यांनी खडूने खुणा केल्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन ब्रॅकेट घेतले. गंजू नये म्हणून मारायचा लाल रंग संपला होता, म्हणून कुठल्याशा बागेच्या कुंपणाचा उरलेला हिरवा रंग खाली मारला आणि त्यावर काळा. वरून बघितलं तर काहीच नाही. शनिवारी गाडी घरी आणली, किलोमीटरचा आकडा सवयीप्रमाणे डायरीत लिहिला, कव्हर घातलं. घरी सांगितलं, सर्व्हिसिंग करून आणली. वंदनालाही खरं सांगितलं नाही. तिच्या पोटात वडिलांपासून काही राहत नाही.

आणि तरीही निघालो नाही. ऑफिसात ऑडिट होतं. म्हणजे होतं, पण माझ्यावाचून अडलं नसतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आबा चहात खारी बुडवत होते. मान वर न करता म्हणाले, "डावो पायप कातळाक घासलो, पण वाकूक नाय. काम बरा केल्यात."

"कसला पाईप?" वंदनाने विचारलं. आबांना नाही, मला. इतक्या वर्षांच्या संसारात तिला गुन्हेगार बरोबर कळतो.

मी सगळं कबूल केलं. मग सोनवणेंना फोन लावला. ते वैतागले. "अहो, मी कशाला सांगू? तुमच्या सासऱ्यांना मी बघितलेलं पण नाही." आणि आबा खाली उतरून दीड महिना झाला होता. उतरले असते तरी गाडीखाली वाकून काळा पाईप दिसेल एवढी नजर त्यांना राहिलेली नाही.

मी खाली गेलो. कव्हरवर आठवड्याची धूळ जशीच्या तशी. पुठ्ठा टाकून गाडीखाली आडवा झालो. डाव्या पाईपला वीतभर ओरखडा होता. काळा रंग निघून खालचा हिरवा दिसत होता, आणि मधल्या ब्रॅकेटच्या खाचेत लाल माती. मुलुंडमध्ये लाल माती फक्त नर्सरीच्या कुंड्यांत मिळते.

किलोमीटर तोच. किल्ली माझ्या कपाटात. वॉचमनला भंडावलं, कॅमेऱ्याचं आठवडाभराचं रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने बघितलं. एक मांजर गाडीच्या मागे झोपतं, एवढा शोध लागला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघालो. आबा पुढे माझ्या डावीकडे, वंदना मागे. दुपारी चारच्या सुमारास पाणंदीत शिरलो. वळणाच्या आधी मी गाडी थांबवून उतरलो आणि कातळ बघितला. त्याच्या कडेला काळ्या रंगाचा पट्टा होता, अगदी पाईपच्या उंचीवर. काळ्याच्या कडेने हिरवा. पाईप लावल्यापासून गाडी इथे आलीच नव्हती. मी व्हर्निअर काढला. हो, होता खिशात. दगडावरचा पट्टा बेचाळीस मिलिमीटर. पाईपवरचा ओरखडाही तेवढाच रुंद.

परत येऊन बसलो.

आबा काचेतून सरळ पुढे बघत म्हणाले, "उजवीकडे घेवा. मागच्या टायमाक माझ्याकडसून पण लागलो."

मागून वंदनाने हळूच विचारलं, "आबा, मागच्या टायमाक म्हणजे कधी?"

"ह्याच आठवड्यात. तुमची वाट बघून कंटाळलंय, म्हणान जावन इलंय."

मी उजवीकडे घेतली. या वेळी कुठेच लागलं नाही. खळ्यात उतरल्या उतरल्या आबांनी शेजारच्यांना हाक मारून झाडलं, की तुळशीवृंदावन पिवळं कोणी केलं. वृंदावन खरंच पिवळं होतं. म्हणजे तेवढं दिसलं त्यांना. आम्ही आठ दिवस राहिलो. नजर त्यानंतर महिनाभरच टिकली.

सोनवणे म्हणतात, गाडी आणा, दोन मिनिटांत ओरखड्यावर रंग मारतो. मी नेली नाही. आमच्या कारखान्यात दोषाच्या प्रत्येक फॉर्मवर शेवटचा रकाना 'कारण' असा असतो. तो रिकामा असेल तर मी फॉर्म परत पाठवतो. या बाबतीत माप, रंग, माती, सगळं भरून झालंय. तो रकाना तेवढा भरता येत नाही.

आबा आता रविवारी "कधी जावचा?" विचारत नाहीत. मीच विचारतो.